पेत्रालाही पस्तावा, यहूदालाही पस्तावा. मग फरक नेमका कुठे?

सांजवारा:
लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) चर्चच्या युवागटासाठी दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अध्याय 26 आणि 27 वर. विषय येशूचे दोन शिष्य, पेत्र आणि यहूदा. मुलांचा प्रश्न ठरलेला: पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, यहूदाने त्याला धरून दिलं, वाईट दोघांनाही वाटलं. यहूदाने तर पैसेही परत केले. 'पेत्राचा पश्चात्ताप खरा होता' एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. आणि तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणाऱ्याला काय सांगावं? गटात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत.

जुनी_प्रत:
मत्तय 27:3-5 सावकाश वाचून घ्या आणि यहूदाने काय काय केलं ते मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. चूक ओळखली. 'मी निर्दोष माणसाला धरून दिलं' असं स्पष्ट कबूल केलं. चांदीची तीस नाणी परत नेली. चांगल्या पापकबुलीत आणखी काय असतं? पेत्राच्या रकान्यात त्या रात्री एकच गोष्ट येते: बाहेर जाऊन रडला. मुलं इथे गोंधळतात, गोंधळू द्या.

आता यहूदा गेला कोणाकडे ते पाहा. ज्यांनी ती नाणी मोजून दिली होती त्यांच्याचकडे. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तोच त्याने शेवटचा निकाल मानला आणि गळफास घेतला. पेत्र मात्र बाकीच्यांना सोडून गेला नाही. योहान 20 मध्ये येशूची कबर उघडी पाहून मरिया मग्दालिया धावत येते ती त्याच्याकडे. 21 मध्ये तो आणखी सहा जणांबरोबर तळ्यावर आहे. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. आधीच्या कोळशाच्या विस्तवाजवळ (18:18) त्याने नाकारलं होतं, हे वाचकाने ताडायचं. येशूचे तीन प्रश्न, 'माझ्यावर प्रेम करतोस का', आणि प्रत्येक उत्तरावर बोलणी नाहीत, काम: माझ्या मेंढरांना चारा घाल, त्यांना सांभाळ. शिवाय लूक 22:32 विसरू नका. पेत्र पडण्याआधीच येशूने त्याच्यासाठी प्रार्थना केलेली आहे.

यहूदा नरकात गेला असं मात्र सत्रात ठोकून देऊ नका. गटातल्या एखाद्याच्या घरी आत्महत्या झालेली असू शकते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

पाळकांचा_मदतनीस:
प्रोटेस्टंट मुलांसाठी व्यवहाराचं सांगतो. '1 योहान 1:9 (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) वाचलं, झालं' असं करून पुढे सरकण्याची आपल्याकडे खोड आहे. नुकसान झालेला माणूस तसाच बसलेला असतो. लेवीय 6 मध्ये हिशेबच दिलाय: मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा. मंडळाच्या फंडातून 20,000 उचलले असतील तर 24,000. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट म्हटलं, तो त्याचा उत्साह. नियम म्हणून लादू नये. आणि एकदम देता येत नसतील तर हप्ते बांधून घ्या, तारखेसकट. 'सवडीने देईन' म्हणजे देणं राहिलंच.

याकोब 5:16 प्रमाणे कबुली एका विश्वासू, वयाने मोठ्या माणसाजवळ. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिलकुल नको. तिथे कबुलीची बातमी होते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंही नाव गावभर होतं. लगेच साक्ष द्यायला उभं करणंही टाळा.

कुमसार:
पुन्हा पुन्हा कबुलीचं. इथे दोन वेगळी माणसं आहेत, औषध एकच देऊ नका.

पहिला, ज्याचं पाप खरोखर पुन्हा घडतं. त्याने दर वेळी यावं. फादरांना पापाचा प्रकार, गंभीर असेल तर किती वेळा, आणि कशामुळे घडतं (रात्रीचा फोन, ठरावीक मित्र) एवढं सांगावं. लांबलचक कहाणी नको. ते कारण तोडण्याचा एक ठोस निश्चय पुरे.

दुसरा, ज्याला क्षमा मिळालेलं जुनं पापच टोचत राहतं: नीट सांगितलं का, काही राहिलं का. याला जास्त कबुली देणं म्हणजे आगीत तूप. जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं स्पेनमधल्या मानरेसात 1522 मध्ये हेच झालं. आठवडाभर उपाशी राहिले, खोलीतल्या भगदाडातून उडी टाकण्याचा विचार येऊ लागला. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपास सोडायला लावला, आणि पुढे जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुटले. अशा मुलाने एकच फादर धरावे, सारखे बदलू नयेत, आणि 'हे पुन्हा सांगायचं नाही' ही त्यांची आज्ञा शंका असतानाही पाळावी. मन खचलेलं असताना आधीचा चांगला निर्णय फिरवू नये, हा इग्नेशियस यांचाच नियम.

सांजवारा:
एखादा मुलगा थेट 'जगून काय उपयोग' म्हणाला तर?

कुमसार:
सत्र तिथेच थांबवा. 'जीव द्यायचा विचार येतो का' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा; मोफत आहे, चोवीस तास चालतो. लगेच धोका वाटला तर 112. पापनिवेदन नंतर होईल.