साळावलीच्या पाणलोटात खाणींना पुन्हा परवानगी द्यावी का?

मूळ मत (सांगे)

सांगे तालुक्यातल्या साळावली धरणाचे पाणी शेळपे येथे शुद्ध होऊन मडगाव, वास्को आणि दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागात पोहोचते. ज्या जलाशयावर इतकी माणसे विसंबून आहेत, त्याच्या पाणलोट क्षेत्रात यापुढे कोणतीही खाण चालू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी इथे लोह आणि मँगनीजच्या खाणी चालल्या. पावसाळ्यात उघड्या डोंगरांवरची आणि टाकाऊ मातीच्या ढिगांवरची माती ओहोळांतून जलाशयात उतरते व तळाशी साचते. खोल पाण्यातला प्राणवायू संपला की या गाळातले मँगनीज विरघळते, साध्या वाळूच्या गाळणीतून ते सहज निसटते आणि पुढे नळांत काळपट साका धरते. १९९९ साली घोषित झालेल्या नेत्रावळी अभयारण्यामुळे पाणलोटाचा काही भाग राखला गेला आहे, पण उरलेल्या डोंगरांना तसे कवच नाही.

प्रतिसाद (कुडचडे)

मी असहमत आहे. मडगावच्या नळासाठी सांग्याने आणखी किती सोसायचे? या धरणासाठी कुर्डी, म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, पाण्याखाली गेले आणि तिथली कुटुंबे वाडे-वालकिणीला हलवली गेली. आजही मे महिन्यात पाणी ओसरले की ती माणसे सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. त्यानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या घरी तेव्हा काय झाले, ते आम्ही पाहिले आहे. सरसकट बंदीपेक्षा ढिगांना संरक्षक भिंती, गाळ बसवण्यासाठी तळी आणि पावसाळ्यात उत्खननाला पूर्ण विराम, अशा कडक अटी घालाव्यात.

प्रतिसाद (मडगाव)

तळ्यांत वाळू बसते, चिकणमातीचे बारीक कण मात्र दिवसचे दिवस तरंगत राहतात, आणि आपल्याकडच्या पावसात तळी भरून वाहायला वेळ लागत नाही. शिवाय काम पावसाळ्यात थांबले, तरी उघडा पडलेला डोंगर पावसातच धुपतो. मात्र सांग्याच्या त्यागाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. आम्ही शहरवासीयांनी पाणीपट्टीबरोबर वेगळा अधिभार भरावा आणि ती रक्कम वाडे-वालकिणीसह या तालुक्यातच खर्च व्हावी.

कुडचड्याचे उत्तर

अधिभाराचे स्वागत आहे, पण तो कायद्यात लिहिला जाईपर्यंत ते आश्वासनच राहील, आणि पुनर्वसनाच्या वेळची आश्वासने कुर्डीकरांच्या पूर्ण लक्षात आहेत. रोजगार आधी उभा करा, मग बंदी मागा.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

रोजगाराची मागणी रास्त आहे आणि ती मी आपल्याबरोबर उभा राहून करीन. क्रम मात्र मला मान्य नाही. खाण बंद पडली तर पुन्हा उघडता येते. एवढ्या मोठ्या जलाशयाच्या तळाशी बसलेला गाळ उपसून तो पूर्ववत करणे जवळपास अशक्य आहे. ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी फोंडा आणि पणजीकडे जाते, त्यातून दक्षिण गोव्याची गरज भागणार नाही. म्हणून पाणलोटाबाहेरच्या खाणपट्ट्यांबद्दल अटींची चर्चा जरूर करू, पण पाणलोटाच्या आत एकही नको.