इलेक्ट्रोड वितळत नाही, झिजतो
कुणीतरी विचारलंय की आर्क भट्टीत (विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, भंगार वितळवणारी भट्टी) स्टील १६०० डिग्रीपर्यंत तापवून वितळवतात मग त्यात वीज नेणारा ग्रॅफाइटचा दांडा, म्हणजे इलेक्ट्रोड, कसा शाबूत राहतो, तांब्याचा का नाही वापरत. अहो तांब्याचं १०८५ लाच पाणी होतं! ग्रॅफाइट साध्या हवेच्या दाबाला वितळतच नाही, ३६०० च्या आसपास थेट वाफ होते, आणि गंमत म्हणजे तापल्यावर त्याची ताकद उलट वाढते. झिजतो मात्र भरपूर. टोकाला आर्कमुळे आणि बाजूने ऑक्सिजनने जळून, म्हणून लालभडक बाहेर आला की शिसपेन्सिलीसारखा निमुळता दिसतो, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वरून पाणी फवारतात. खालून संपत आला की वर नवा तुकडा निपलच्या (दोन तुकडे जोडणारा आट्यांचा खुंटा) आट्यांवर फिरवून जोडायचा, आटे हवा मारून साफ केले नाहीत तर सांधा तापून कधी दगा देईल नेम नाही. खरा वैताग म्हणजे भंगारात काँक्रीटचा गोळा वगैरे आला तर, त्यातून करंट जात नाही म्हणून ऑटो कंट्रोल इलेक्ट्रोड खाली दाबतच राहतो आणि कडाड! जालन्यातल्या बहुतेक स्टील भट्ट्या इंडक्शनच्या (बाहेरच्या कॉइलने तापवणाऱ्या, इलेक्ट्रोड नसलेल्या), तिथे हे लफडंच नाही, पण स्टील ठिसूळ करणारा फॉस्फरस आर्क भट्टीसारखा काढता येत नाही त्यामुळे भंगार निवडून घ्यावं लागतं.