मदत हवी आहे: दुसऱ्या सिलिंडरची गळती पिस्टनच्या रिंगांमुळे की बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) झिजेमुळे?

नमस्कार. माझ्या जुन्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे ऑइल कमी होत असून चोर्ला घाट चढताना मागून निळसर धूर दिसतो, म्हणून मी फोंड्याला घरीच, इंजिन गरम असताना, लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती किती आणि कुठून गळते ते पाहणे) केली. प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून, प्लगच्या भोकातून 100 पीएसआय दाबाने हवा सोडली. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये 88 च्या आसपास दाब टिकला. दुसऱ्यात तो 64 वर उतरला. कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे आवाज नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत; ऑइलचे झाकण काढले की मात्र फुसफुस स्पष्ट ऐकू येते आणि तळहाताला जळक्या ऑइलच्या वासाची हवा लागते. म्हणजे हवा पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या भागात जाते; त्यामुळे व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांवरचा संशय जवळजवळ मिटला आहे.

अडचण पुढची आहे. बोअरची झीज बहुधा वरची रिंग जिथे थांबते तिथे सर्वाधिक असते, हे लक्षात घेऊन मी पिस्टन, व्हॉल्व्ह बंद राहतील इतकाच, खाली घेऊन पुन्हा दाब दिला, तेव्हा गळती बरीच घटली. याचा अर्थ बोअर वरच्या बाजूला रुंदावला आहे असा घ्यावा, की रिंगा खाचेत अडकल्या असतील तरीही असेच घडते? झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे मला पटत नाही. फोंडा किंवा म्हापसा परिसरात बोअर गेजने माप घेऊन मगच रिबोअरचा (बोअर कापून मोठ्या मापाचा करण्याचा) सल्ला देणारे लेथवाले कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.