अपघात विभागातल्या डॉक्टरांच्या बोलण्याची परीक्षा घ्यावी का?

कापूसबोंड (धागाकर्ता)
मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अपघात विभागात शिकवतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे खेड्यातली बाई नवऱ्याला घेऊन आली. पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत. ती सारखी म्हणत होती, "ह्यांना पान लागलंय." आमच्या शहरी रेसिडेंटनं विचारलं, "कोणतं पान? तंबाखूचं?" रात्री सापाचं नाव घेत नाहीत म्हणून आपल्याकडं पान लागलं म्हणतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. मण्यार चावली की खूण दिसेलच असं नाही, म्हणजे निदानाचा धागा त्या एका शब्दात होता. मावशींनी ऐकलं म्हणून वाचला गडी.

याच पोरानं लेखी परीक्षेत 'स्पाइक्स'च्या, म्हणजे वाईट बातमी कशी सांगावी त्या पद्धतीच्या, सहाच्या सहा पायऱ्या बिनचूक लिहिल्या होत्या. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला 'ॲटकॉम' आहे, संवाद शिकवतात. पण परीक्षेत इंटर्नच रडणारी बायको होते आणि तोंडावर ओढणी धरून हसते.

माझं म्हणणं: एमडीच्या शेवटच्या वर्षी खऱ्या ड्यूटीवर, खऱ्या नातेवाइकांशी बोलताना तीन वेळा बघावं. त्यात नापास तो परीक्षेत नापास.

रात्रपाळी
सर, माफ करा, पण हे एसीत बसून सुचतं. छत्तीस तास उभं राहिल्यावर मला माझं नाव धड सांगता येत नाही. एका व्हेंटिलेटरवर तिघांचा डोळा असतो. गोड बोलून दुसरा पैदा होतो का? डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. तरी मार खातो तो कॅज्युअल्टीच्या दारात उभा असलेला ज्युनियर. खाटा नाहीत हे सांगायचं काम माझं, आणि ते 'नीट' सांगितलं नाही म्हणून नापासही मीच?

आणि 'स्पाइक्स' कर्करोगाच्या रुग्णांसाठी बेतलेलं. शांत खोली, खुर्ची, वेळ. आमच्याकडं स्ट्रेचरला जागा नाही.

बालाघाटचा
मी डॉक्टर नाही, बीडकडचा शेतकरी. धाकट्या भावानं औषध पिलं. औषध म्हणजे फवारणीचं, समजून घ्या. पहिल्या रात्री तो बडबडायला लागला, अंगावरचे कपडे ओढायला लागला, हात खाटेला बांधले. आम्हाला वाटलं, यांनी काहीतरी भलतंच टोचलं. काय करायलेत कोणी सांगंना. दुसऱ्या दिवशी चहा पिला, बोलला. गावाकडं निरोप गेला, वाचला म्हणून. तिसऱ्या दिवशी मान धरंना, दम लागला, नळी घातली. आमच्यातले चारजण दगड शोधत होते, खोटं कशाला बोलू. पुढं तो वाचला. पण "तिसऱ्या दिवशी असं होऊ शकतं" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं, तर दगड कोणी शोधला असता?

कापूसबोंड
दादा, बडबड ॲट्रोपिनची. ते दिल्याशिवाय विष उतरत नाही, पण जास्त झालं की माणूस भ्रमतो. आणि सेंद्रिय फॉस्फरसच्या विषात एक ते चार दिवसांच्या आत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. हे आम्हाला पहिल्या रात्रीच ठाऊक असतं. रात्रपाळी, याला व्हेंटिलेटर लागत नाही.

रात्रपाळी
मान्य. पण ते सांगायला माणूस लागतो.

जुना परीक्षक
मी धाग्याच्या विरोधात आहे, कारण वेगळं. गुण ठेवले की पोरं नाटक शिकतात. एका परीक्षेत बाराच्या बारा जणांनी "तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो" हेच वाक्य म्हटलं. वॉर्डात एका आईनं त्यावर विचारलं होतं, "तुला काय समजतंय बाळा?" त्याचं उत्तर कोणत्याच चेकलिस्टमध्ये नाही.

तरीही ऑस्की, म्हणजे सगळ्यांना तेच ठरावीक प्रसंग देऊन घेतात ती परीक्षा, बरी. हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडली तेव्हा मुद्दा हाच होता, सगळ्यांना सारखा प्रश्न. तुमच्या पद्धतीत एकाच्या वाट्याला मोडलेलं मनगट येईल, दुसऱ्याच्या वाट्याला मेलेलं लेकरू. त्यात परीक्षक घरचाच. कोणाला गुण मिळतील हे मी आत्ताच सांगतो.

पांढरा डगला
बावीस वर्षं सिस्टर आहे. डॉक्टर बोलून गेले की नातेवाईक आमच्याकडं वळतात, "सिस्टर, ते काय म्हणले?" कोणी "एक्स्पायर झाले" ऐकून विचारतं, "मग आता कोणत्या वॉर्डात नेलं?" तुम्ही डॉक्टरकडं काय बघत बसता? दहा मिनिटांनी नातेवाइकालाच विचारा, डॉक्टर काय म्हणाले, उद्या काय होऊ शकतं. त्याला सांगता आलं तर डॉक्टर पास. नाटकाला इथं जागाच नाही.

जुना परीक्षक
हे मला पटतंय. फक्त ज्याचं माणूस आत्ताच गेलं त्याला विचारायचं नाही.

कापूसबोंड
बरोबर. मृत्यू वगळू. विषबाधा आणि सर्पदंशापुरतंच, आधी सहा महिने, गुण न ठेवता. नापासचा हट्ट सध्या बाजूला ठेवतो. सोडला नाही.

रात्रपाळी
चालेल. पण सुरुवात सिनियर सरांपासून. राउंडला येतात, पाठमोरं उभं राहून इंग्रजीत बोलतात आणि जातात. नातेवाइकांना मराठीत काय सांगायचं, हे मी कोणाचं बघून शिकू?

पांढरा डगला
हे मीच लिहिणार होते.

कापूसबोंड
येत्या सोमवारचा राउंड माझा आहे. सिस्टर, खाट तुम्ही निवडा, मी बोलून गेलो की विचारा. उत्तर इथं टाका, जसंच्या तसं.