‘सुरमई फ्राय खा, गोळ्या विसरा’ या पोस्टला उत्तर

खाडीकाठ: ‘कोकणात रोज मासे, म्हणून हृदय ठणठणीत. सुरमई फ्राय खा, गोळ्या विसरा.’ हे वाचून डोकं फिरलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी माशाने सुटत नाही! अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे सांगते, दर वेळी शिजवलेले 85 ग्रॅम. काटा-डोकं वगळून साधारण एक मोठा बांगडा. तोही तळलेला नको. ओमेगा-3, म्हणजे माशातली हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी, हवी तर तारली, बांगडा घ्या. पापलेटाचे पैसे वाचतील.

जवसचटणी: माशांचाच हट्ट का? 2018 च्या व्हायटल या अमेरिकेतल्या वैद्यकीय चाचणीत 25,871 माणसं होती. रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 घेऊनही हृदयविकाराच्या मोठ्या घटनांत ठळक घट नाही. आमचं जवस काय वाईट?

खाडीकाठ: ती चाचणी कॅप्सूलची. त्यातही मुळात मासे कमी खाणाऱ्यांत घट दिसलीच, ते का गाळलंत? जवसातल्या ओमेगा-3 पैकी फार थोडं शरीरात माशातल्या प्रकारात बदलतं.

जवसचटणी: बरं, कमी खाणाऱ्यांपुरतं धरू. त्यापुढे नाही.

तिरफळ: तळण्यावर बोलता, कालवणातल्या खोबऱ्याच्या वाटपावर गप्प? 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात 30 ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते.

वाटपघर: खोबऱ्यावर घसरायचं कारण नाही! वाटपाशिवाय कालवण म्हणजे तिखट पाणी. चार माणसांच्या कालवणात अर्धी वाटी खोबरं, त्याने कुणाचं काय बिघडतं?

तिरफळ: अर्धी वाटी कोण घालतं? नारळ फुटतो अख्खा. बांगड्याचं तिखलं करा, खोबरं लागतच नाही. भिजवलेली सुकी मिरची आणि हळद बारीक वाटा, थोड्या तेलावर परता, बेताचं पाणी घाला. उकळी आली की बांगडे, चार कोकमं आणि काळी बी काढून ठेचलेली तिरफळं. झाकून आठ-दहा मिनिटं. डाव घालू नका, मासा मोडतो, टोप हलवा. मीठ शेवटी चाखून, कारण कोकम आधीच खारट असतं. रक्तदाब असलेल्यांची चूक इथेच होते.

वाटपघर: बांगड्याला तिखलं चालेल, तेवढं मान्य. पापलेटाचं वाटप सोडणार नाही.

खाडीकाठ: बांगडा घेताना बर्फ बघा. उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, धडधडतं, अंगावर पित्त उठतं. कल्ले लालबुंद नसतील किंवा पोट घट्ट नसेल तर घेऊ नका.