व्हीजीएवाला हौशी संगणक एचडीएमआय मॉनिटरला कसा जोडावा?

प्रश्न (धंतोली, नागपूर)

नमस्कार. नववीतल्या भाचीला प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून मी अलीकडेच एगॉन लाइट हा जुन्या धाटणीचा संगणक मागवला आहे. त्यात १८.४३२ मेगाहर्ट्‌झचा ईझेड८० प्रोसेसर आहे, चित्र आणि आवाजाचे काम ईएसपी३२ ही वेगळी चिप करते आणि त्यावर बीबीसी बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा उत्तम चालते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात देशातील अनेक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते. त्या यंत्रांवर शिकलेल्या पिढीला ही भाषा आठवत असेल.

अडचण पडद्याची आहे. या संगणकाला पडदा जोडायला फक्त व्हीजीएचे जुने तोंड आहे, तर घरच्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे. सीताबर्डीच्या बाजारातून एक अ‍ॅडॅप्टर आणला, तो जोडल्यावर मॉनिटर ‘नो सिग्नल’ एवढेच दाखवतो. शेजाऱ्यांच्या जुन्या व्हीजीए मॉनिटरवर मात्र हाच संगणक व्यवस्थित दिसतो, त्यामुळे दोष संगणकात नसावा असे वाटते. आवाजासाठी वेगळी वायर लागेल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर (महाल)

सर्वप्रथम अ‍ॅडॅप्टरची दिशा तपासावी. लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडण्यासाठी दुकानात जो सर्रास मिळतो तो एचडीएमआयचे व्हीजीए करणारा असतो आणि तो उलटा जोडून चालत नाही. व्हीजीए हा अ‍ॅनालॉग सिग्नल आहे, एचडीएमआय डिजिटल आहे, आणि प्रत्येक दिशेच्या रूपांतरासाठी आत वेगळी चिप लागते. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्याला हव्या असलेल्या अ‍ॅडॅप्टरला पिना असलेला व्हीजीए प्लग असतो, जो थेट संगणकात बसतो, आणि एचडीएमआयच्या बाजूला केबल खुपसायचे सॉकेट असते. नुसती वायर आहे आणि मध्ये कोणतेही सर्किट नाही, अशी ‘व्हीजीए टू एचडीएमआय केबल’ कोणी दिली तर ती घेऊ नये. तिचा येथे काहीही उपयोग नाही.

आवाजाबद्दल सांगायचे तर व्हीजीएमधून आवाज जातच नाही. एगॉनच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून एक छोटी ऑडिओ वायर अ‍ॅडॅप्टरच्या ऑडिओ सॉकेटमध्ये घातली की तो आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरपर्यंत पोहोचतो. मॉनिटरला स्पीकर नसतील तर स्पीकर थेट संगणकालाच जोडावेत.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. दिशा बरोबर आहे, प्लग थेट संगणकात बसतो. तरीही पडदा काळाच आहे.

उत्तर (प्रतापनगर)

ताई, मग वीजपुरवठा पाहावा. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी मधल्या ओळीतील नववी पिन पाच व्होल्टसाठी राखलेली आहे, आणि काही अ‍ॅडॅप्टर याच पिनेवरून वीज घेण्याची अपेक्षा ठेवतात. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप ती वीज सहसा पुरवतो, म्हणून दुकानात दाखवताना अ‍ॅडॅप्टर चालतो; हौशी बोर्डांवर मात्र ही पिन बऱ्याचदा रिकामी ठेवलेली असते. अ‍ॅडॅप्टरच्या कडेला मायक्रो यूएसबीचे छोटे तोंड आहे का ते बघा. असल्यास त्याला पाच व्होल्टच्या चार्जरवरून वीज द्या. शक्यतो संगणक आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही एकाच चार्जरच्या दोन पोर्टांवर लावा, कारण वेगवेगळ्या चार्जरमुळे कधी कधी पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. मॉनिटरच्याच यूएसबी पोर्टवरून वीज घेण्याचा मोह टाळावा. काही मॉनिटर झोपले की तो पोर्टही बंद करतात.

प्रश्नकर्ती

चित्र आले! मनःपूर्वक धन्यवाद. मात्र अक्षरांच्या उभ्या रेघा थरथरतात, काही रेघा जाड तर काही पुसट दिसतात आणि डावीकडची कड थोडी कापली जाते. महागडा अ‍ॅडॅप्टर घेतल्यास हे जाईल का?

उत्तर (प्रतापनगर)

आधी पैसे न खर्चता स्क्रीन मोड, म्हणजे पडद्यावर किती ठिपक्यांचे चित्र काढायचे ती निवड, बदलून पाहावा; माझ्या मते खरे उत्तर तेथेच आहे. व्हीजीएच्या वायरीतून रंगांचे तीन सिग्नल आणि प्रत्येक ओळ व पूर्ण चित्र कोठे सुरू होते याच्या खुणा एवढेच येते. एका ओळीत किती ठिपके आहेत हे कोणीच सांगत नाही, ते अ‍ॅडॅप्टरला अंदाजाने ठरवावे लागते. ६४० बाय ४८० च्या प्रमाणित मोडमध्ये न दिसणारा भाग धरून प्रत्येक ओळ ८०० ठिपक्यांची असते आणि ठिपक्यांचा वेग २५.१७५ मेगाहर्ट्‌झ असतो. हे गणित बहुतेक अ‍ॅडॅप्टरांना ठाऊक असते. अनोळखी मोड आला की अंदाज चुकतो, मोजणी एका ठिपक्याच्या मधोमध न होता दोन ठिपक्यांच्या सीमेवर होते, आणि ‘एच’ किंवा ‘एम’सारख्या अक्षराची एखादी उभी रेघ फिकी पडते.

म्हणून ६४० बाय ४८०, ६० हर्ट्‌झचा मोड निवडावा आणि तो निवडण्याचा आदेश एसडी कार्डवरील ‘ऑटोएक्झेक’ या संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवावा. याचा आणखी एक फायदा असा की हा मोड एचडीएमआयच्या मानकानुसार प्रत्येक पडद्याने स्वीकारलाच पाहिजे, त्यामुळे मॉनिटर बदलला तरी चित्र येईल. कापली जाणारी कड बहुधा काळ्या पार्श्वभूमीमुळे असावी, कारण चित्र कोठे सुरू होते हे काही अ‍ॅडॅप्टर उजळ भाग पाहून ठरवतात. बेसिकमध्ये पडद्याच्या चारही कडांना पांढरी चौकट काढून अ‍ॅडॅप्टरची वीज एकदा बंद-चालू करून बघा.

उत्तर (महाल)

एवढ्याने न भागल्यास जीबीएस-८२०० हा सिग्नल बदलणारा बोर्ड घेण्याचा विचार नको, त्याचे आउटपुट पुन्हा व्हीजीएच असते. ओएसएससी हे जुन्या सिग्नलचे रूपांतर करणारे यंत्र मात्र व्हीजीए घेऊन एचडीएमआय पडद्याला चालेल असे डिजिटल चित्र देते, आणि त्यात ओळीतील ठिपक्यांची संख्या व मोजणीची वेळ हाताने ठरवता येते. ते महाग आहे, त्यामुळे केवळ या एका संगणकासाठी घेऊ नये असे मला वाटते.

प्रश्नकर्ती

मोड बदलताच अक्षरे स्थिर झाली आणि चौकटीच्या युक्तीने डावी कडही परत आली. चित्र रुंदीला ताणलेले दिसत होते, ते मॉनिटरच्या मेनूमध्ये चारास तीन हे प्रमाण निवडल्यावर ठीक झाले. भाचीने पहिले वर्तुळ काढले आणि ते लंबगोल न दिसता वर्तुळच दिसले.