प्रेस फोटो आणि व्हिडिओवर आयुष्य काढता येईल का?

कृष्णाकाठ_मिरज
वय २३. एका वृत्तवाहिनीसाठी स्ट्रिंगर आहे. बातमीमागे पैसे, तेही दोन-तीन महिने थकतात. घर लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं. पत्रकारिताच करायचीय, पण आम्ही पोहोचेपर्यंत कुणाच्या तरी मोबाइलवरचं फुटेज चाललेलं असतं. पन्नाशीपर्यंत यात टिकता येतं का? आधी ड्रोन घेऊ की कॅमेऱ्याची नवी बॉडी?

पंचगंगा_प्रेस
मित्रा, आधी दोन हार्ड डिस्क घे. एक घरी, दुसरी पाहुण्यांकडे.

मी कोल्हापूरचा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर काढलेत. २०१९ ला गणपती तोंडावर असताना शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं. वाहतं पाणी सगळ्यांच्याच मोबाइलवर होतं. पाणी उतरल्यावर मी परत गेलो. शाडूच्या मूर्तींचा पुन्हा चिखल झालेला, आणि भिंतीवर पाण्याची रेघ. ती रेघ दाराच्या चौकटीसकट घेतली, म्हणजे उंची कळते. कॅप्शनमध्ये गल्ली, तारीख, वेळ आणि पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. तिथे धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलेलं. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा त्याच जागेचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी छापायला मागितले गेले. वीस वर्षं एकच नदी काढणारा माणूस गावात एखादाच असतो रे, त्याला शोधत येतात.

सीएसटीवर २००८ साली सेबॅस्टियन डिसोझांनी कसाबचा फोटो काढला. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली. म्हणून मूळ फाइल कधीच उडवायची नाही.

बूम_आणि_ट्रायपॉड
व्हिडिओचं सांगते. शॉट दहा सेकंद तरी धर, आवाज नीट घे. दिवे घाटात वारीचे ड्रोन शॉट ढिगाने मिळतात. चढावर दम लागलेल्या म्हातारीचा अभंग स्वच्छ रेकॉर्ड केलेला क्वचितच मिळतो. डॉक्युमेंटरीवाले तेच विचारतात. लग्नं सोडू नकोस, त्यात कमीपणा काही नाही.

कृष्णाकाठ_मिरज
ताई, सर, मनापासून आभार. पण फुटेज एकदा पाठवलं की ते वाहिनीचंच होतं ना?

पंचगंगा_प्रेस
आपोआप नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा पहिला मालक साधारणपणे काढणाराच, आणि हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं. पण कुणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतला, किंवा तू लिहून हक्क दिलेस, तर गोष्ट वेगळी. नोकरीत असलास तरी वेगळा नियम. त्यामुळे 'सर्व हक्क कायमचे' असं कुठे लिहिलंय का ते बघ. तिथे 'फक्त बातमीपुरते' करून माग. नाही म्हणाले तरी मागून बघ, कधी कधी देतात. तुझं करारपत्र नावं झाकून इथे टाक, रात्री वाचतो.